कोलोनमध्ये रात्री बाहेर पडताय? आधी परतीची गाडी बघा, बीअर नंतर

गेली काही वर्षं मी कोलोनला राहतेय आणि दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मराठी मंडळी येतातच, बहुतेक आखेन नाहीतर बॉनची स्टुडंट पोरं, "ताई एक मस्त नाइट आउट करूया" म्हणत. आणि दर वेळी सेम चुका. साडेनऊला डोमसमोर, म्हणजे इथल्या भव्य चर्चसमोर, उतरतात, तासभर फोटो, मग बारा जण एकदम ब्राउहाउसात, म्हणजे बीअर आणि जेवणाच्या पारंपरिक ठिकाणी, घुसतात, टेबल नाही, मिळालं तर किचन बंद होत आलेलं, बिलावरून पंधरा मिनिटं घोळ, क्लबच्या दारातून परत, आणि मग कळतं की शेवटची गाडी गेली. शहर चांगलंय, माणसं तर जर्मनीत त्यातल्या त्यात मोकळी, चुकतो तो फक्त क्रम. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून टाकते.

१. दोन दिवस आधी: परतीपासून सुरुवात करा

आपण पुण्या-मुंबईत रात्रीचा प्लॅन कसा करतो, कुठे भेटायचं, काय खायचं, घरी जायचं बघू नंतर, रिक्षा नाहीतर कॅब आहेच. इथे ते उलटं करा.

आखेन किंवा बॉनला परत जायचं असेल तर जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर अ‍ॅपमध्ये त्या तारखेच्या रात्री बारानंतरच्या गाड्या बघा. गेल्या आठवड्यात होती म्हणून यावेळी असेल असं नाही, रुळांची कामं बहुतेक रात्रीच निघतात आणि गाडीऐवजी बस लागते. मध्यरात्रीनंतर गाड्या विरळ होतात आणि मग पहाटेपर्यंत मोठी पोकळी असते. एकतर त्या पोकळीच्या आधी निघा, नाहीतर पहाटेच्या पहिल्या गाडीने जायचं हे आधीच ठरवून या. मधल्या मध्ये अडकलात तर थंडीत स्टेशनवर बसणं नशिबी येतं, मी एकदा नोव्हेंबरात बसलेय, दर वीस मिनिटांनी उठून एक चक्कर मारायची पाय गरम करायला.

शहरातच राहत असाल तर सोपं आहे. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री ट्राम चालू असतात, फक्त बऱ्याच अंतराने. इतर दिवशी एकच्या सुमाराला कारभार आटोपतो.

त्याच वेळी अजून दोन गोष्टी बघा. एक, त्या दिवशी १. एफसी कोलोनची (इथला फुटबॉल क्लब) घरच्या मैदानावर मॅच आहे का. असेल तर १ नंबरची ट्राम विसरा, लाल-पांढऱ्या मफलरांच्या गर्दीत श्वास घ्यायला जागा नसते. दोन, तारीख ११ नोव्हेंबर (कार्निव्हलचा मोसम सुरू होतो तो दिवस) किंवा कार्निव्हलचा आठवडा आहे का. पहिल्यांदाच येणाऱ्याने त्या दिवसांत येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो वेगळाच प्रकार आहे, सकाळी अकरालाच लोक टल्ली असतात, त्याचे नियम वेगळे.

आणि टेबल बुक करा. शुक्रवार-शनिवारी चारपेक्षा जास्त माणसं असतील तर करायलाच हवं. बहुतेक मोठ्या ब्राउहाउसांचं बुकिंग नेटवर होतं. सातची वेळ घ्या, नऊची नको.

२. निघताना खिशात काय

रोख पैसे. हो, जर्मनीत, आजच्या काळात. कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं, पण जुनी पब, कोपऱ्यावरचं दुकान, क्लबमधला कोट ठेवायचा काउंटर, टॉयलेटबाहेरची बशी, इथे रोखच लागते. काही ठिकाणी "कार्ड चालतं" म्हणजे फक्त जर्मन बँकेचं गिरोकार्ड चालतं, तुमचं भारतातलं किंवा ट्रॅव्हल कार्ड नाही. माणशी पन्नास-साठ युरो, दहा-वीसच्या नोटांत, आणि थोडी चिल्लर. शंभरची नोट बीअरसाठी पुढे केलीत तर जो चेहरा बघायला मिळेल तो बघण्यासारखा असतो.

ओळखपत्र ओरिजिनल हवं. इथे राहत असाल तर रेसिडेन्स परमिटचं कार्ड, फिरायला आला असाल तर पासपोर्ट. मोबाइलमधला फोटो दारावर चालेलच असं नाही. बीअर-वाइन सोळाव्या वर्षापासून मिळते, दारू म्हणजे हार्ड ड्रिंक आणि क्लब अठरापासून. आपली पंचविशीची पोरं इथल्या लोकांना सतरा-अठराची वाटतात, त्यामुळे विचारतातच.

तिकीट. डॉइचलांड तिकीट (महिन्याचा देशभर चालणारा पास) असेल तर ट्राम, बस, रिजनल गाड्या सगळं त्यात येतं, पण आयसीईमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या जलद गाडीत, ते चालत नाही. रात्री घाईत समोर आयसीई दिसली म्हणून चढू नका. तिकीट नसेल तर ईझी (eezy.nrw) अ‍ॅपने चेक-इन करून बसा आणि उतरल्यावर चेक-आउट करा. हे दुसरं लोक हमखास विसरतात. स्टेशनात गेट नाहीत म्हणून तिकीट कोणी बघत नाही असं समजू नका, साध्या कपड्यातले तपासनीस असतात आणि दंड ६० युरो.

*निघण्याआधी तपासा: मोबाइल चार्ज, परतीच्या गाडीचा स्क्रीनशॉट, ओळखपत्र, रोख. घराची चावी. इथली दारं मागे ओढली की लॉक होतात, आणि रात्री तीनला चावीवाला बोलावला तर अख्ख्या नाइट आउटपेक्षा त्याचं बिल जास्त होतं.*

३. सहा वाजता: नदीच्या पलीकडून सुरुवात

सगळे डोमसमोर उभं राहून डोमचा फोटो काढायला बघतात आणि १५७ मीटरचं देऊळ काही फ्रेममध्ये मावत नाही. सरळ होहेनत्सोलर्न पुलावरून, ती लाखो कुलपं लावलेली जाळी आहे ना तिच्या कडेने, चालत पलीकडे डॉइट्सला जा. तिथे नदीकाठी लांबलचक पायऱ्या आहेत. तिथे बसा, अख्खं जुनं शहर समोर दिसतं. फोटो, रील, ग्रुप सेल्फी सगळं इथेच उरकून घ्या. जूनमध्ये सूर्य पावणेदहाच्या पुढे मावळतो, म्हणजे अंधार पडायची वाट बघत बसलात तर जेवण गेलं. डिसेंबरात उलट, साडेचारलाच दिवे लागतात.

४. सात वाजता: ब्राउहाउसात शिरताना

डोमच्या बाजूला फ्र्यू आहे, होयमार्क्टला माल्ट्सम्यूले, फ्रीझनश्ट्रासंवर पेफगेन. कुठलंही चालेल, आम्ही बहुतेक पेफगेनला जातो.

बुकिंग असेल तर नाव सांगा. नसेल तर दाराशी ताटकळत उभं राहू नका, आत फिरून रिकामी जागा शोधा. मोठ्या टेबलावर दोन माणसं एका टोकाला बसलेली असतील तर बाकीचं टेबल रिकामंच समजतात, "इस्ट हिअर नोख फ्राय?" विचारायचं, मान हलवतील, बसायचं. आपल्याला अनोळखी लोकांच्या टेबलावर बसायला कसंतरी होतं पण इथे ते अगदी नॉर्मल आहे आणि कित्येकदा त्यातूनच गप्पा होतात.

*सावध: टेबलावर "श्टामटिश" अशी पाटी असेल तर ते ठरलेल्या गिऱ्हाइकांचं टेबल. रिकामं दिसलं तरी बसायचं नाही.*

५. क्योल्श, आणि तो पुठ्ठ्याचा तुकडा

इथे सगळ्यात जास्त गंडतं.

निळ्या एप्रनमधला वेटर येतो, त्याला क्योबेस म्हणतात. तो मुद्दाम फटकळ असतो. म्हणजे खरंच मुद्दाम, ती इथली स्टाइल आहे. पाणी मागितलंत तर "साबण-टॉवेल पण आणू का?" असं काहीतरी ऐकवेल. रागावू नका, हसा, जमलं तर उलट काहीतरी बोला, मग तो तुमचा. त्याला "कुठल्या कुठल्या बीअर आहेत?" विचारू नका. क्योल्श आहे, इथली बीअर तीच. "लार्ज आहे का?" नाही. आणि आल्ट बीअर तर चुकूनही मागू नका, ती ड्युसेलडॉर्फची, म्हणजे कोल्हापुरात जाऊन पुणेरी मिसळ मागण्यासारखं.

ग्लास ०.२ लिटरचा, उंच आणि बारीक. आपल्या लोकांना वाटतं एवढुसा, हा तर औषधाचा डोस झाला. मुद्दाम छोटा असतो, गार आणि फेसासकट संपावा म्हणून. तुमचा ग्लास संपत आला की क्योबेस न विचारता पुढचा ठेवतो, आणि तुमच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ मारतो. ती चकती म्हणजे डेकेल. प्रत्येक रेघ म्हणजे एक ग्लास. तुम्ही काही बोलला नाहीत तर तो आणतच राहणार, अख्खी रात्र.

थांबवायचं कसं? चकती उचलायची आणि ग्लासावर झाकण ठेवल्यासारखी ठेवायची. बस. पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन आला की आपण पानावर आडवा हात धरतो ना, अगदी तेच. मला पहिल्यांदा हे माहीतच नव्हतं. मी आपली आलेलं वाया कसं घालवायचं म्हणून संपवत राहिले आणि तो आपला भरत राहिला, दोघंही आपापल्या जागी बरोबर. शेवटी शेजारच्या आजोबांनी काही न बोलता माझी चकती उचलून माझ्या ग्लासावर ठेवली. आठ रेघा झाल्या होत्या. म्हणजे १.६ लिटर, आणि जेवण अजून आलंच नव्हतं.

चिअर्स करताना समोरच्याच्या डोळ्यात बघा आणि क्योल्शचे ग्लास खालच्या बाजूने टेकवा, वरून नाही. वरची काच पातळ असते.

*सावध: डेकेल म्हणजे तुमचं बिल. त्यावर चित्रं काढू नका, फाडू नका, आठवण म्हणून खिशात टाकू नका. आणि वेगवेगळे पैसे द्यायचे असतील तर सुरुवातीलाच प्रत्येकाचा डेकेल वेगळा असू द्या, मध्येच जागा बदलली तर आपला डेकेल बरोबर न्या.*

पीत नसाल तर काही प्रॉब्लेम नाही. आप्फेलशोर्लं म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा, किंवा फासब्राउझं, म्हणजे बिनदारूचं फसफसतं पेय, मागा. नुसतं "वासर" म्हणालात तर सोड्याचं पाणी येईल, आणि ते विकतचंच असेल. साधं हवं तर "श्टिलेस वासर" म्हणा.

६. जेवण: नावं फसवी आहेत

ऑर्डर साडेआठच्या आत द्या. बऱ्याच ठिकाणी साडेनऊ-दहाला किचन बंद होतं, दुकान चालू असलं तरी.

व्हेज लोकांनी हा भाग नीट वाचा. मेनूवर "हाल्वे हान" दिसतं, शब्दशः अर्धा कोंबडा. त्यात कोंबडा नाही! राय पिठाचा पाव, जाडजूड गौडा चीज, लोणी, मोहरीची चटणी आणि कांदा. व्हेज मंडळी घाबरून सोडून देतात आणि नॉनव्हेजवाले चिकन म्हणून मागवतात आणि मग तोंड बघण्यासारखं होतं. आमच्या एका पाहुण्यांनी दोन मागवले होते.

उलटी फसवणूक पण आहे. "कोलोनचं कॅव्हियार" म्हणजे रक्ताचं सॉसेज. "हिमेल उन एअड", स्वर्ग आणि पृथ्वी, किती गोड नाव, बटाट्याचा लगदा आणि सफरचंद, आणि त्यावर तेच तळलेलं रक्ताचं सॉसेज. "मेट" म्हणजे कच्चा डुकराचा खिमा पावावर लावून. शिजवलेला नाही, कच्चा.

पण सगळ्यात धोकादायक म्हणजे भाजलेले बटाटे, ब्राटकार्टोफेल्न. दिसायला आपली बटाट्याची काचऱ्यांची भाजी, आणि त्यात बारीक बेकनचे तुकडे. इथे बरेच लोक बेकनला मांसात धरतच नाहीत, त्यामुळे "व्हेज आहे का" विचारलं तर हो म्हणतील. "ओने फ्लाइश, ओने श्पेक", मांस नको आणि बेकनही नको, असं दोन्ही म्हणा. सगळ्यात सेफ म्हणजे रायबेकूखेन, बटाट्याचं थालीपीठ समजा, बरोबर सफरचंदाची गोड चटणी. अंडं असतं त्यात, ते चालत नसेल तर हेही नाही.

७. बिल

हात वर करून "त्साहलेन बिटं". तो विचारेल, एकत्र की वेगळं. "गेट्रेंट" म्हणजे वेगवेगळं. इथे कोणी "अरे मी देतो, तू ठेव" करत टेबलावर कुस्ती करत नाही, प्रत्येक जण आपलं सांगतो आणि भरतो, त्यात काही वाईट वाटून घ्यायचं नसतं.

टिप पाच ते दहा टक्के, टेबलावर ठेवून जायची नाही, पैसे देतानाच आकडा सांगायचा. २७.४० झाले तर तीस देऊन "श्टिम्ट झो", म्हणजे बाकीचे ठेवा. आणि इथे एक सापळा आहे. पन्नासची नोट पुढे करताना सवयीने "डांकं" (थँक्यू) म्हणालात तर त्याचा अर्थ बाकीचे ठेवा असा होऊ शकतो. डांकं सुटे परत मिळाल्यावर म्हणायचं, आधी नाही.

८. दहानंतर: एकच भाग निवडा

चार ठिकाणं करायच्या नादात अर्धी रात्र ट्राममध्ये जाते. एक भाग निवडा आणि तिथेच चाला.

त्स्युल्पिशर श्ट्रासं म्हणजे स्टुडंट, स्वस्त, गोंगाट. विशीत असाल तर ठीक. बेल्जियन क्वार्टर जरा निवांत, छोटे बार. एरेनफेल्डला फेनलोअर श्ट्रासंच्या आसपास क्लब आणि संगीत, ३ किंवा ४ नंबरची ट्राम. जॅझ ऐकायचं असेल तर श्टाडटगार्टनचा कार्यक्रम आधी बघून ठेवा. जुन्या शहरात रात्री दहानंतर मी स्वतः जात नाही, शनिवारी तिथे लग्नाआधीच्या बॅचलर पार्ट्यांचे ग्रुप एकसारखे टीशर्ट घालून ओरडत फिरत असतात.

मध्ये ब्युडशन लागेल, म्हणजे कोपऱ्यावरचं किऑस्क, रात्री उशिरापर्यंत उघडं. तिथून बाटली घेऊन रस्त्यावर चालत पिणं ही इथली पद्धत आहे, तिला नावही आहे, वेगबीअर, वाटेवरची बीअर. ओपनर दुकानदाराकडे असतो. ट्राममध्ये उघडी बाटली घेऊन चढू नका. संपली की कचऱ्यात टाकू नका, डब्याच्या शेजारी उभी ठेवा. बीअरच्या बाटलीवर ८ सेंट, कॅन आणि प्लास्टिकवर २५ सेंट परत मिळतात आणि ते गोळा करणारे लोक असतात, त्यांना डब्यात हात घालायला लागू नये.

आणि आवाज. दहानंतर वस्तीच्या रस्त्यावर मोबाइलवर गाणी नाहीत. ब्र्युसेलर प्लाट्स या चौकातल्या गोंगाटावरून राहणारे लोक कोर्टापर्यंत गेलेत, त्यामुळे वरच्या खिडकीतून कोणी बोललं तर वाद न घालता पुढे चला.

९. क्लबच्या दारात

साडेबाराच्या आधी गेलात तर आत शुकशुकाट असतो. बारा पोरं एकदम गेलात तर बहुतेक दारावरच "होयटं लायडर निश्ट", आज नाही. हे जर्मन पोरांच्या घोळक्यालाही ऐकावं लागतं, पण खोटं कशाला बोलू, कधीकधी कातडीचा रंग बघूनही ऐकवतात. माझ्या दिराला एकदा "आज फक्त नेहमीचे लोक" म्हणून थांबवलं आणि त्याच्या मागचे दोन टुरिस्ट आत सोडले. तिथे हुज्जत घालून रात्र फुकट जाते. क्लबचं नाव आणि वेळ लिहून ठेवा, तक्रार दुसऱ्या दिवशी करता येते, भेदभावविरोधी कायदा आहे. आपल्या हातात असलेलं एवढंच: दोघा-तिघांत विभागून जा, रांगेत आरडाओरडा नको, झेपावं एवढीच प्या, आणि आत आज काय वाजतंय ते माहीत असू द्या.

आत गेल्यावर कोट काउंटरला द्यायचा, टोकन मोबाइलच्या कव्हरमध्ये. फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावला तर काढू नका. सिगारेट बाहेर, या राज्यात बारमध्येही आत बंदी आहे.

*मुलींनी लक्षात ठेवा: ग्लास नजरेआड करू नका. कोणी त्रास देत असेल तर बऱ्याच जर्मन शहरांतल्या बारमध्ये काउंटरवर "इस्ट लुइझा हिअर?" विचारलं की काही न विचारता मदत करतात. ते माहीत नसलं तरी "हिल्फं" (मदत) सगळ्यांना कळतं. पोलीस ११०, अ‍ॅम्ब्युलन्स ११२.*

१०. परत

ई-स्कूटर घेऊ नका. लोकांना ती खेळण्यातली वाटते, पण कायद्यात तिला गाडीचेच नियम, रक्तातल्या अल्कोहोलला ०.५ प्रतिमिलची (हजारात अर्धा भाग) मर्यादा, आणि एकवीसच्या आतल्यांना किंवा लायसन नवीन असलेल्यांना शून्य. सायकलला १.६ ची मर्यादा म्हणून जपून चालवली तर चालतं असं पोरं सांगतात. त्यांना सांगा, वेडीवाकडी चालवली तर ०.३ लाही प्रकरण होऊ शकतं, आणि नवीन असाल तर रुळांत चाक अडकतंच.

भूक लागली असेल तर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर वायडेनगासं, सगळी तुर्की दुकानं. मसुराचं सूप पाव-लिंबाबरोबर, रात्री दोनला त्यासारखं काही नाही. आधी विचारून घ्या कुठलं उघडंय.

गाडीत बसलात की पहिलं काम अलार्म. आखेनच्या लोकांची गाडी बहुतेक आखेनलाच संपते, कोणीतरी उठवतं. बॉनवाल्यांचं तसं नाही, रिजनल गाडी तिथून पुढे ऱ्हाइनच्या काठाने जात राहते. आमच्याकडून निघालेल्या एका पोराचा पहाटे मेसेज आला, "ताई, हे कोब्लेंझ काय आहे?"